पहिला डंपर

नदीकाठी राडारोड्याचा पहिला डंपर रिकामा होतो तेव्हा सहसा तिथे कोणी नसतं. पाडलेल्या वाड्याच्या विटा, फुटक्या फरशा, पायाखोदाईचा मुरूम असं काहीबाही काठावर पडतं आणि गाडी निघून जाते. आठवड्याभरात आणखी पाच-सहा गाड्या येतात. मग कोणीतरी जेसीबी आणून ढीग सारखा करतो, पावसाळ्याआधी त्यावर रोलर फिरतो, पत्र्याचं कुंपण उभं राहतं आणि दिवाळीनंतर तिथे लग्नाच्या लॉनची कमान दिसते. तेव्हा कोणी तक्रार केलीच, तर जागा पहिल्यापासून अशीच होती हे उत्तर तयार असतं. ते खोडायचं तर आधी ती जागा कशी होती आणि कधी बदलली हे सांगणारा माणूस लागतो. त्याच्याजवळ तारीखही लागते.

या तारखेला कायद्यानेच महत्त्व दिलं आहे. राष्ट्रीय हरित लवाद कायदा २०१० सालचा. त्याच्या कलम १४ प्रमाणे, पर्यावरणाच्या तंट्याचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत लवादाकडे जावं लागतं. उशीर होण्याला सबळ कारण असेल, तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. झालेलं नुकसान भरून मागण्यासाठी किंवा जागा पूर्ववत करून मागण्यासाठी कलम १५ मध्ये पाच वर्षांची मुदत आहे, पण भराव पडत असतानाच तो अडवायचा असेल तर हे सहा महिने हातचे घालवून चालत नाही. लवादासमोर अर्ज करायला वकील सक्तीचा नाही आणि नुकसानभरपाईची मागणी नसेल तर शुल्क एक हजार रुपये आहे. सामान्य माणसाला ही वाट खुली आहे. त्याची अडचण वेगळीच असते: सहा महिने कधी सुरू झाले, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून दर आठवड्याला नदीवर जाणारे स्वयंसेवक गोण्या भरभरून कचरा उचलतात त्यापेक्षाही, ते तिथे दर आठवड्याला असतात ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पुणे परिसरातल्या नद्यांची गेल्या दहा-पंधरा वर्षांतली हकिकत पाहिली की हे चांगलं कळतं.

पुण्याला नद्या किती, असं विचारलं तर दोन असं उत्तर मिळतं. नकाशावर त्याहून बऱ्याच आहेत. मुठा टेमघरच्या बाजूने येते. आंबीवर पानशेत आणि मोसीवर वरसगाव ही धरणं आहेत आणि सगळ्यांचं पाणी खडकवासल्याला जमतं. मुळा मुळशीकडून येते, वाटेत तिला औंध-बाणेरजवळ रामनदी आणि दापोडीजवळ पवना मिळते. संगमवाडीला मुळा-मुठा एक होतात आणि बंडगार्डन, मुंढवा, थेऊर करत रांजणगाव सांडसजवळ भीमेत जातात. तिथून पाणी उजनीत. याशिवाय आंबिल ओढा, नागझरी, देवनदी आणि ज्यांना आता फक्त नालाच म्हणतात असे अनेक प्रवाह आहेत.

लेफ्टनंट कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं, तेव्हा त्यातल्या कित्येक जाती त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेतच मिळाल्या होत्या. स्थानिक कोळ्यांच्या तोंडची मुल्या, कोलूस, बोगट ही नावं त्याने लॅटिन नावांना तशीच जोडून टाकली. जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत ती आजही आहेत. ज्या पाण्यातून ती घेतली, त्या पाण्याचं काय झालं ते संगमावर उभं राहून नाक सांगतं.

असं का झालं याचं पहिलं उत्तर धरणांत आहे. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते नळांना जातं, उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. पावसाळा सरला की खडकवासल्याच्या खाली मुठेच्या पात्रात सोडायला कोणी पाणी ठेवत नाही. मुळेचं तर बरंचसं पाणी सह्याद्री ओलांडून उलट्या दिशेने, टाटांच्या वीजघराकडे भिऱ्याला उतरतं. (त्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तो मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी होता, पण या नद्यांवरून झालेला पहिला मोठा लढा तोच.) मग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शहरातून जे वाहतं ते आपल्याच मोऱ्यांतून आलेलं असतं.

इथे थोडा हिशेब करू. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातात, ते बीओडी या मापाने मोजतात. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. नदीत आंघोळ करता यावी असं पाणी हवं असेल, तर तो ३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे एक लिटर मैलापाणी केवळ मिसळून निववायचं म्हटलं तर साधारण ६५ ते १०० लिटर निर्मळ पाणी लागेल. मुठेत मे महिन्यात ते एक लिटरही नसतं. तेव्हा मैला शुद्ध करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ मध्ये मार्गी लागली: ११ केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. त्यानंतरची बरीच वर्षं निविदांच्या फेऱ्यांत आणि जागांच्या ताब्यात गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत ५५ एकट्या महाराष्ट्रातले होते. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

पाणी खराब झालं तरी ते उद्या सुधारता येतं. जागा गेली की परत मिळत नाही. पुण्यातल्या नदीप्रेमींना हे लवकर उमगलं, आणि त्यांच्या कामाचं वेगळेपण त्यातच आहे असं मला वाटतं. ते पाण्याइतकंच रेषांबद्दल बोलतात.

रेषा दोन, निळी आणि लाल. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदाचा पूर जिथे टेकतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळी आणि लाल यांच्यामधे अटींवर, जोतं पुराच्या पातळीच्या वर उचलून, परवानगी मिळते. २५ वर्षांतून एकदा, हे ऐकायला लांबचं वाटतं. पण त्याचा खरा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता. ती २५ वर्षांच्या काळावर मोजली तर असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के होते. लाल रेषेवरचा फ्लॅट तीस वर्षांच्या कर्जावर घेतला, तर हप्ते फिटायच्या आत तिथवर पाणी येण्याची शक्यता २६ टक्के. बँकेत ही आकडेमोड कोणी समजावून सांगत नाही.

जुन्या पुणेकरांना रेषा समजावून सांगाव्या लागत नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि शनिवार, नारायण पेठांत पाणी कुठवर चढलं होतं हे कित्येक घरांच्या भिंतींनी पुढे वर्षानुवर्षं दाखवलं. पण शहर त्यानंतर अनेक पटींनी वाढलं आणि बाहेरून आलेल्यांच्या आठवणीत पानशेत नाही. त्यांच्यासाठी पूर म्हणजे बाबा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ. २५ जुलै २०२४ ला मात्र सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरलं, लोकांना बाहेर काढायला लष्कर बोलवावं लागलं. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग धरून आखलेली आहे. त्या पहाटे धरणातून सोडलेलं पाणी ३५ हजारांच्या आसपास होतं. धरणाखालच्या भागात कोसळलेला पाऊस त्यात मिसळला, हे खरं. रेषा आखताना हे धरणाखालचं पाणी पुरेसं धरलेलंच नाही, असा नदी कार्यकर्त्यांचा जुना आक्षेप आहे. ते बाजूला ठेवलं तरी, पात्रात दरसाल थोडा थोडा भराव पडत गेला की तेवढंच पाणी जास्त उंच चढणार, हे कळायला अभियंता व्हावं लागत नाही.

आता विठ्ठलवाडीकडे वळू. मुठेच्या काठावरचं हे विठ्ठलाचं देऊळ, आषाढीला जत्रा भरणारं, पुण्याचं प्रतिपंढरपूर. इथून मुंबई-बंगळुरू महामार्गाकडे जाणारा रस्ता महापालिकेने थेट नदीपात्रात भराव टाकून करायला घेतला. सिंहगड रस्त्यावरची कोंडी फोडायची म्हणून लोकांना तो हवाच होता. नदीतला रस्ता अडवणं हे लोकप्रिय काम नव्हतं. वास्तुविशारद सारंग यादवाडकर आणि त्यांचे सहकारी हरित लवादाकडे गेले. मुद्दा साधा होता: रस्ता निळ्या रेषेच्या आत आहे, भरावामुळे पात्र अरुंद होतंय आणि पुराचं पाणी वस्तीकडे ढकललं जाणार आहे. जुलै २०१३ मध्ये लवादाने तो मान्य केला आणि भराव काढून रस्त्याची आखणी पुन्हा करायला सांगितली. अकरा वर्षांनी जिथे पाणी शिरलं ती एकतानगरी याच विठ्ठलवाडीच्या शेजारची.

या निकालाने शहरातल्या चळवळीला दोन गोष्टी शिकवल्या. एक, रेषेचा नकाशा हातात असेल तर भावनेचा आधार घ्यावा लागत नाही. दुसरी जरा कडू आहे: निकाल लागणं आणि भराव निघणं यांत फार मोठं अंतर असतं, आणि ते कापायला न्यायाधीश येत नाही. त्यासाठी काठावर रोज कोणीतरी असावं लागतं.

सगळेच दावे जिंकले असंही नाही. वनाज-रामवाडी मेट्रोचा सुमारे १.७ किलोमीटरचा भाग मुठेच्या पात्रातून जातो. त्याला आव्हान देणाऱ्यांत २०१६ मध्ये तेव्हाच्या राज्यसभा सदस्य अनू आगा आणि ज्येष्ठ पत्रकार दिलीप पाडगावकर यांच्यासारखी माणसं होती. त्यांच्यावर विकासविरोधी असल्याचा शिक्का लगेच बसला. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि शेवटी अटी घालून काम होऊ दिलं. खांब आज पात्रात उभे आहेत आणि मेट्रो भरून धावते. मेट्रो हवीच होती, असं मला वाटतं. ती नदीतूनच का, हा प्रश्न मात्र डेक्कनपाशी गाडीच्या खिडकीतून खाली पाहताना प्रत्येक वेळी पडतो.

दाव्यांच्या बातम्या होतात, स्वयंसेवकांच्या कामाच्या फारशा होत नाहीत. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली. निसर्ग कसा पुन्हा उभा करायचा याचा अभ्यासक्रम तिथे अनेक वर्षं चालला. त्यातून तयार झालेल्या मंडळींमधून २०१४ च्या सुमारास ‘जीवितनदी’ हा गट निघाला. त्यांची ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ ही कल्पना आहे. अख्खी नदी वाचवायची भाषा न करता एका गटाने एक-दीड किलोमीटरचा काठ आपला मानायचा, ठरलेल्या वारी तिथे जायचं, वर्षानुवर्षं जायचं. विठ्ठलवाडी हा त्यांतला एक काठ, राम-मुळा संगम दुसरा.

तिथे गेल्यावर कचरा उचलतात, हे आलंच. पण कचरा उचलता उचलता नोंदी होतात. कुठल्या नाल्याच्या तोंडाशी फेस वाढला, कुठे नवा पाइप फुटला, कुठल्या कपारीत झऱ्याचं गार पाणी अजून येतंय. काठावर वाळुंज, करंज, उंबर कुठे उरलेत, पात्रातल्या खडकांना धरून वाढणारी शेरणी कुठे आहे. पुराच्या लोंढ्यात शेरणी आडवी होते आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहते; तिच्या मुळांनी धरलेली माती काँक्रीटच्या भिंतीला धरता येत नाही. पाणी तपासायला महागडी प्रयोगशाळाही लागत नाही. विरघळलेला प्राणवायू मोजायची पेटी कुठल्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातल्या मुलांना वापरता येते. तीही नसेल तर तळाचा दगड उलटून पाहावा. लाल अळ्या वळवळताना दिसल्या तर समजावं, प्राणवायू संपत आलाय. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या गुदमरत नाहीत. बाकीचे किडे केव्हाच निघून गेलेले असतात.

अशा नोंदवहीत पहिल्या डंपरची तारीख असते. फोटो असतो, त्याच्यावर वेळ असते, आणि शेजारी मागच्या आठवड्याचा त्याच जागेचा फोटो असतो. याचिका लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

जीवितनदीचा भर घरातल्या रसायनांवरही आहे: रिठा, शिकेकाई वापरा, कडक क्लीनर टाळा. मुळा-मुठेच्या प्रश्नापुढे हा उपाय लहान वाटतो आणि लहान आहेही. शुद्धीकरण केंद्र बंद पडलं की कोणत्या घरात कुठला साबण होता याने काही फरक पडत नाही. पण ज्या बाईने महिनाभर भांडी रिठ्याने घासली, ती वॉर्ड ऑफिसात जाऊन केंद्र बंद का आहे हे विचारताना कचरत नाही, असं काहीसं गणित त्यामागे असावं. ते मला पटतं.

याउलट काही स्वयंसेवा पाहून वैताग येतो. जागतिक नदी दिनाला सारखे टी-शर्ट घातलेले दोनशे जण येतात, प्रत्येकाला नवे रबरी हातमोजे मिळतात, बॅनरसमोर फोटो होतो, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वाटल्या जातात आणि दुपारी एकला बस परत जाते. गोळा केलेल्या गोण्या कधी कधी काठावरच राहतात. पुढच्या वर्षी कंपनी दुसरी, काठ तोच.

गणेशोत्सवाने मात्र या शहरात एक वेगळीच गोष्ट दाखवली. विसर्जित मूर्ती दान करा, असं आवाहन अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सुरू केलं तेव्हा घाटांवर वाद झाले, हाणामारीची वेळ आली. आज घाटाशेजारच्या हौदात विसर्जन करणारी कुटुंबं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत शोधली: बादलीभर पाण्यात ती भुकटी मिसळून मूर्ती ठेवायची, काही तासांत ती विरघळू लागते, आणि मागे अमोनियम सल्फेट उरतं, जे खत म्हणून झाडांना घालता येतं. महापालिकेने ही भुकटी नागरिकांना वाटली. निर्माल्य वेगळं काढायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बाया अनंत चतुर्दशीला घाटांवर उभ्या असतात. धार्मिक सवय बदलत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा ते पाहावं. ही सवय वीसेक वर्षांत बदलली, आणि सरकारी आदेशाच्या कितीतरी आधी स्वयंसेवकांनी शिव्या खात ती बदलायला घेतली होती.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला गोष्टीचा रंग वेगळा. पवना म्हणजे पवनामाई. उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने २०१७ च्या अखेरीस ती हाताने काढायला घेतली. गावकरी, विद्यार्थी, कामगार मिळून महिनोन्‌महिने पाण्यात उतरत राहिले आणि ट्रकच्या ट्रक जलपर्णी बाहेर निघाली. मैला येत राहिला की ती पुन्हा येणार हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी उपयोग झाला, कारण पाण्यात उतरलेल्या माणसाला कुठल्या नाल्यातून काय येतंय ते दिसतं. याच नदीच्या पाण्यावरून ९ ऑगस्ट २०११ ला मावळात बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. धरणाचं पाणी बंद पाइपने शहरात न्यायला त्यांचा विरोध होता. पवनेच्या वरच्या अंगाला नदी म्हणजे शेती, खालच्या अंगाला दुर्गंधी. दोघांची सभा अजून एकत्र भरलेली नाही.

इंद्रायणीवर फेस आला की आळंदीच्या घाटाचे फोटो वर्तमानपत्रांत येतात आणि वारीच्या दिवसांत सगळ्यांना लाज वाटते. डॉ. विश्वास येवले यांनी २००२ मध्ये ‘जलदिंडी’ सुरू केली: आळंदीहून पंढरपूरला नावांतून, वल्ही मारत, नदीमार्गे जायचं. वाटेतल्या गावांत मुक्काम, कीर्तन, नदीविषयी बोलणं. पुण्यातून सुटलेलं पाणी खालच्या गावांत काय होऊन पोहोचतं, हे पुण्याच्या माणसाला वासासकट दाखवणारा इतका साधा उपक्रम दुसरा माहीत नाही.

ओढ्यांविषयी मात्र आपण सगळेच बेफिकीर राहिलो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला. सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी; झोपलेली माणसं, भिंती कोसळल्या, शहर आणि परिसरात वीसहून अधिक जण दगावले. ओढ्यांना नदीसारखं कोणी माई म्हणत नाही, त्यांच्या नावाने महोत्सव होत नाहीत, म्हणून त्यांचा काठ दत्तक घेणारेही थोडे. पण भराव, सीमाभिंती आणि अरुंद मोऱ्या सगळ्यांत आधी तिथेच येतात. राज्यात नदीकाठांवर उद्योगांना अंतर घालून देणारं एक नदी नियमन धोरण होतं, तेही २०१५ मध्ये रद्द झालं. त्यावर रस्त्यावर कोणी उतरलं नाही.

उतरले ते नदीकाठ सुधार प्रकल्पावर. तिन्ही पट्टे मिळून ४४ किलोमीटर: मुळेचे २२.२, मुठेचे १०.४ आणि मुळा-मुठेचे ११.८. खर्च ४,७०० कोटींच्या घरात. आराखडा साबरमतीचा रिव्हरफ्रंट करणाऱ्या अहमदाबादच्या कंपनीचा. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. काठाने फिरायला वाट, बागा, सायकलमार्ग, आणि महापालिकेच्या म्हणण्याप्रमाणे पुराची पातळीही कमी होणार. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं: काठ बांधून काढल्याने पात्र आवळलं जाईल, काठची जुनी झाडं आणि झरे जातील, आणि मैला थांबवण्याआधी कठडे बांधणं हा उलटा क्रम आहे.

दोन्ही बाजू नीट वाचल्यावर मला क्रमाचा मुद्दा सर्वांत बळकट वाटतो. साबरमतीचं उदाहरण देताना एक गोष्ट राहून जाते: अहमदाबादेत दिसणारं पाणी बऱ्याच अंशी नर्मदेच्या कालव्यातून आलेलं आहे. पुण्यात असा कुठला कालवा नदीत पाणी आणून ओतणार? बागेत बसणाऱ्याला समोर वाहताना दिसेल ते मैलापाणीच. फिरायला जागा हवी ही मागणी खोटी नाही. नदीशी पाठ करून वाढलेल्या शहराला काठावर यावंसं वाटणं चांगलंच आहे. पण त्यासाठी पात्र आवळायची गरज नाही.

एप्रिल २०२३ च्या अखेरीस ‘चलो चिपको’ म्हणत हजारो पुणेकर रस्त्यावर आले आणि नदीकाठच्या झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राम-मुळा संगमावर पुन्हा तशीच गर्दी झाली. त्या काठावर गर्दी कशी जमली, याकडे मी आवर्जून लक्ष वेधतो. तिथे वर्षानुवर्षं दर आठवड्याला जाणारे लोक होते. कुठलं झाड किती जुनं, कुठल्या झाडावर ढोकरी घरटं करते, झरा कुठे आहे, हे त्यांना बघून ठाऊक होतं. त्यांनी शाळांची मुलं आणली होती, सोसायट्यांची ज्येष्ठ मंडळी आणली होती. जेसीबी आला तेव्हा हाक घालायला माणसं तयार होती. ज्या काठांना असे कोणी नव्हते, तिथे काम निमूटपणे पुढे गेलं.

पुण्याच्या चळवळीत एक मोठी उणीव आहे. ती महापालिकेच्या हद्दीवर थबकते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं पाणी जुन्या कालव्याने शेतीला जातं. उरलेलं थेऊर, मग भीमा, मग उजनी. उजनीवर सोलापूर पाणी पितं. दौंड-इंदापूरच्या विहिरींचं पाणी कसं आहे याची नोंदवही कोरेगाव पार्कातला गट ठेवत नाही. आणि पुण्यातल्या हरकती-सूचनांच्या सुनावणीला सोलापूरचा कोणी बोलावला जात नाही.

वाचणाऱ्याला आपल्या गावाच्या नदीसाठी सुरुवात करायची असेल, तर आधी पूररेषेचे नकाशे मिळवावेत. ते जलसंपदा विभागाकडे असतात. आपल्या तालुक्याचं पाणी ज्या विभागीय कार्यालयाकडे आहे तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, नदीचं आणि गावाचं नाव घालून निळ्या आणि लाल पूररेषेच्या नकाशांच्या साक्षांकित प्रती मागायच्या, आणि रेषा किती क्युसेक धरून आखली तेही विचारायचं. हा आकडा बहुतेक जण मागायला विसरतात. नकाशा आला की मे महिन्यात, पात्र कोरडं असताना, तो घेऊन काठाने चालायचं आणि रेषेच्या आत जे काही नवं दिसेल त्याचा तारखेसह फोटो काढायचा. पुढच्या महिन्यात त्याच जागेवरून पुन्हा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करायचं. त्याचा स्टॅम्प वीस रुपयांचा.